जिला पाहिलेच नव्हते तिचा शोक: मृतजन्मानंतरच्या समुपदेशनाचा एक प्रकरण अभ्यास

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्रसूतिगृहाची फाइल होती आणि पन्नास मिनिटांच्या त्या भेटीत त्यांनी ती एकदाही मांडीवरून खाली ठेवली नाही. मी ती पाहू का, असे विचारल्यावर त्यांनी मानेनेच नकार दिला. पुढे कित्येक आठवड्यांनी त्यांनी ती स्वतःहून माझ्यासमोर उघडली, तेव्हा कळले की त्या जाडजूड फाइलमधली एकच ओळ त्यांना हवी असायची: स्त्री, वजन १,९०० ग्रॅम. आपल्या मुलीविषयी लिहिलेले असे त्यांच्याजवळ एवढेच होते.

या लेखात त्यांचा उल्लेख मी ‘ताई’ असाच करणार आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि काही प्रसंग याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या स्त्रियांच्या अनुभवांतून येथे आले आहेत. पोटातल्या बाळासाठी त्यांनी ठरवलेले नाव मला ठाऊक आहे, पण ते येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

पार्श्वभूमी

ताईंचे वय २९, शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी, नोकरी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी कारखान्यात, लेखा विभागात. सासर निफाड तालुक्यात; घरची द्राक्षबाग, ती त्यांचे पती आणि सासरे मिळून पाहतात. लग्नाला चार वर्षे झाली होती आणि ही पहिलीच गर्भधारणा होती. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले, आईने माहेरी दुपटी आणि झबली शिवून ठेवली, नवव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी जायचे ठरले होते.

८ जुलै २०२२ च्या रात्री, सदतिसाव्या आठवड्यात, बाळाची हालचाल मंदावल्याचे ताईंना जाणवले. त्यांनी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “दिवस भरत आले की बाळ कमीच हलतं, जागा नसते त्याला.” ताई झोपल्या. सकाळी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी पडदा आपल्या बाजूला वळवून घेतला आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. ठोके लागत नव्हते. त्यानंतर कळा येण्यासाठी औषध देण्यात आले आणि १० जुलैच्या पहाटे, म्हणजे आषाढी एकादशीला, मुलगी मृतावस्थेत जन्मली. प्रसूतिगृहातील एका ज्येष्ठ परिचारिकेने मायेपोटीच ‘तिला दाखवू नका, आयुष्यभर डोळ्यांपुढून हलणार नाही’ असे सांगितले. बाळ कपड्यात गुंडाळून पतींच्या हातात दिले गेले आणि ते सासऱ्यांसोबत गावी निघून गेले. ताईंना त्याच वॉर्डात खाट मिळाली; शेजारच्या दोन खाटांवर नवजात बाळे रडत होती.

तिसऱ्या दिवशी दूध आले. याची कल्पना त्यांना कोणी दिली नव्हती. दूध थांबवण्याची गोळी प्रसूतीनंतर पहिल्याच दिवशी देता येते, रक्तदाब वाढलेला असेल तर ती टाळावी लागते, आणि कोणताही निर्णय झाला तरी त्या स्त्रीला ‘दूध येईल’ हे आधी सांगणे तर अगदीच शक्य असते. ताईंच्या आईने छातीला घट्ट पट्टा बांधला. पुढे अनेक भेटींमध्ये त्या दिवसांविषयी बोलताना ताई मृत्यूपेक्षा या दुधाविषयी अधिक बोलत. शरीराला बातमी कळलीच नव्हती, असे त्यांचे शब्द होते.

अठ्ठावीस आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ मृतावस्थेत जन्मले तर त्याला मृतजन्म म्हणतात. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळे अशी जन्मतात आणि सर्वाधिक संख्या असलेल्या देशांत भारत आहे. इतकी सर्वदूर असलेली ही घटना घराघरांत मात्र न घडल्यासारखी राहते, आणि त्याला परंपरेचाही हातभार आहे. दोन वर्षांच्या आतले मूल पुरावे, त्याला उदक देऊ नये, असे याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितले आहे. आजही बहुतेक हिंदू घरांत तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, दहावा-तेरावा करीत नाहीत. ज्या काळात पाळण्यातली मुले मोठ्या संख्येने दगावत, त्या काळात या नियमाने आईबापांना सुटका दिली असेल. पण विधी नाही म्हणून भेटायला येणारे नाहीत, भेटायला येणारे नाहीत म्हणून रडायला निमित्त नाही, आणि रडायला निमित्त नाही म्हणून झाले ते ‘गेलेले माणूस’ म्हणून मोजलेच जात नाही, अशी साखळी त्यातून आज तयार होते. कायदा या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मृतजन्माची नोंद बंधनकारक केली आहे आणि तिच्यासाठी वेगळा नमुना आहे. मात्र त्या नमुन्यात तारीख, लिंग, आईवडिलांची नावे, ठिकाण अशी माहिती विचारतात, बाळाच्या नावाला रकाना नाही.

ताई माहेरून परत आल्या तेव्हा सासरच्या घरातून पाळणा, कपडे, अगदी डोहाळजेवणाचे फोटोसुद्धा दिसेनासे झाले होते. सासूबाईंनी ते सगळे एका दिवसात आवरले होते आणि आवरताना आपण सुनेवर उपकारच करतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

पहिल्या भेटी

नोव्हेंबरच्या अखेरीस, घटनेनंतर साडेचार महिन्यांनी, ताईंच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवले. तक्रार झोपेची होती. रात्री दोनच्या सुमारास जाग येई आणि पोटात हालचाल झाल्याचा भास होई. कार्यालयात बेरजा चुकत होत्या. लहान मूल असलेल्या जावेकडे जाणे त्यांनी बंद केले होते. आरोग्य केंद्राचा रस्ता टाळण्यासाठी त्या रोज दीड किलोमीटरचा वळसा घालून बस पकडत.

प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे आणि तिचे गुण तीसपैकी मोजतात. तेरा किंवा अधिक गुण आले की सखोल तपासणी करायची, असा सर्वसाधारण प्रघात आहे. ताईंचे गुण या मर्यादेच्या बरेच वर होते. शेवटच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयीच्या प्रश्नाला त्यांनी ‘कधीकधी’ असे उत्तर दिले होते, त्यामुळे बाकी सर्व बाजूला ठेवून पहिली भेट त्याच प्रश्नावर खर्च केली. द्राक्षबागायतदाराच्या घरात फवारणीची औषधे असतातच. ती कुठे ठेवतात, खोलीला कुलूप असते का, किल्ली कोणाकडे असते, हे मी विचारले आणि ताईंच्या संमतीने त्यांच्या पतींना त्याच दिवशी फोन केला. त्यांनी ‘का’ असे विचारले नाही. संध्याकाळी किल्ली आपल्या कंबरेच्या करगोट्याला बांधल्याचे त्यांनी कळवले. शेतकरी कुटुंबातील कोणत्याही शोकग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जावा, असे माझे ठाम मत आहे. त्यासोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरातील दोघांच्या फोनमध्ये नोंदवून घेतला आणि मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली. त्यांनी नैराश्यावरील औषध सुरू केले.

निदानाच्या बाबतीत मी घाई केली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात प्रदीर्घ शोकविकाराचा समावेश आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यासाठी मृत्यूनंतर किमान सहा महिने लोटलेले असावे लागतात. अमेरिकी मनोविकार संघटनेने प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची धरली आहे. साडेचार महिन्यांच्या शोकाला विकार म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता, आणि नैराश्य हे निदान उपचार सुरू करण्यास पुरेसे होते.

दुसऱ्या भेटीत एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांतच ताई कामावर रुजू झाल्या होत्या, कारण कार्यालयाने हा गर्भपात धरून तेवढीच रजा मंजूर केली होती. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानुसार सहा आठवड्यांची रजा ही सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच्या गर्भपातासाठी होती. त्याच कायद्याच्या व्याख्येत ‘मूल’ या शब्दात मृतावस्थेत जन्मलेले मूलही येत होते. म्हणजे सदतिसाव्या आठवड्यातील ही घटना प्रसूतीच होती आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर तिच्यासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा होती. हे ऐकून ताई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, “म्हणजे कायद्यात ती मूल आहे?” रजेचे आठवडे त्यांच्या दृष्टीने दुय्यम होते. अर्ज केल्यावर कार्यालयाने चूक मान्य केली. तोवर जेमतेम महिनाभराची रजा शिल्लक होती, ती त्यांनी घेतली.

चुकलेले पाऊल

चौथ्या भेटीत मी ताईंना बाळाला पत्र लिहायला सांगितले. शोकोपचारात हा उपाय रूढ आहे. गेलेल्या माणसाशी असलेले नाते तोडण्यापेक्षा ते नव्या रूपात जपणे बहुतेकांना मानवते, हा विचार १९९६ पासून या क्षेत्रात स्थिरावला आहे आणि पत्र हे त्याचे सोपे साधन मानले जाते. ताईंनी वही घेतली आणि पुढच्या दोन भेटींना त्या आल्याच नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या परत आल्या तेव्हा वही कोरी होती. त्या म्हणाल्या, “मॅडम, लिहू कुणाला? मी तिला बघितलंच नाही. लिहायला बसले की शेजारच्या खाटेवरच्या बाळाचं तोंड डोळ्यांपुढं येतं.”

माझी चूक येथे स्पष्ट नोंदवते. बाळाला पाहिले होते का, हा प्रश्न मी पहिल्या भेटीतच विचारला होता आणि उत्तर टिपणात लिहिलेही होते. पण त्याचा अर्थ मी पुरता लावला नव्हता. मृत बाळाला पाहावे की नाही, यावर जाणकारांतही वाद झाला आहे. ज्या मातांनी बाळाला कुशीत घेतले त्यांच्यात पुढे नैराश्य अधिक आढळले, असे २००२ मध्ये ब्रिटनमधील एका छोट्या अभ्यासात दिसले. नंतरच्या अभ्यासांनी उलट चित्रही दाखवले. आज शहाणपणाची समजली जाणारी वाट म्हणजे आईला नीट समजावून सांगून निवड तिच्यावर सोपवणे. ताईंना निवड मिळालीच नव्हती. त्यामुळे त्यांच्या शोकात एक विलक्षण अडचण होती: आठवण काढायची तर आठवण्यासारखे काही नव्हते. नऊ महिन्यांचा स्पर्श होता, रात्रीच्या लाथा होत्या, आणि त्यापुढे चेहऱ्याच्या जागी एक रिकामी चौकट होती. अशा माणसाला पत्र लिहायला सांगणे म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट हातात देणे होते.

याच काळात संक्रांत आली. गल्लीतल्या हळदीकुंकवाला ताई गेल्या. तिळगूळ मिळाला, वाण मिळाले, पण ओटी भरताना यजमानीण त्यांच्यापाशी येऊन थबकली आणि पुढच्या बाईकडे सरकली. दुसऱ्या दारी त्याच दिवशी एका बाळाचे बोरन्हाण होते. त्या रात्री त्यांचा पोटातील हालचालीचा भास पुन्हा तीव्र झाला. अपशकुनाची भीती ही मराठी घरांत उघड बोलली जात नाही, ती अशी एका पावलाच्या थबकण्यात असते, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध भांडताही येत नाही.

ज्यांनी पाहिले होते

बाळाला एका माणसाने पाहिले होते. सातव्या भेटीला मी ताईंच्या पतींना बोलावले. जानेवारीअखेर म्हणजे द्राक्षकाढणीचा ऐन हंगाम. तरीही ते आले, हातांवर औषधाचे निळसर डाग तसेच होते. भेटीच्या आधी त्यांच्याशी पंधरा मिनिटे स्वतंत्र बोलले. “तिच्यासमोर विषय काढू नको, ती कोसळेल,” असे त्यांना गावातल्या पाच-सहा वडीलधाऱ्यांनी बजावले होते आणि सहा महिने त्यांनी ते वचन पाळले होते. बायको विचारत नाही म्हणजे तिला विसरायचे आहे, असे ते समजत होते. नवरा सांगत नाही म्हणजे त्याला काही वाटलेच नाही, असे ताई समजत होत्या. दोघेही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यातूनच अंतर वाढत गेले होते.

ताईंची तयारी आधीच्या भेटीत करून घेतली होती: काय विचारायचे आहे, काय ऐकायचे नाही, थांबायचे असेल तर खूण कोणती. त्यांनी विचारायच्या प्रश्नांची यादी आणली होती आणि पहिला प्रश्न होता, “केस होते का?”

“खूप होते,” पती म्हणाले. “कपाळावर आले होते.” मग हळूहळू बाकीचे आले. नाक ताईंच्या वडिलांसारखे होते. डाव्या हाताची मूठ वळलेली होती, उजवी उघडी होती. ओठ काळसर झाले होते, हे सांगताना ते थांबले आणि सांगू की नको असे त्यांनी माझ्याकडे पाहिले. ताईंनीच “सांगा” म्हटले. गाडीत मागच्या सीटवर त्यांनी बाळाला मांडीवर घेतले होते, सासरे गाडी चालवत होते, आणि वाटेत एकादशीमुळे ठिकठिकाणी अभंग लागले होते. ते ऐकवत नव्हते म्हणून त्यांनी काच वर केली. बाळाला थंडी वाजेल असेही तेव्हा मनात येऊन गेले, असे ते म्हणाले आणि त्यानंतर त्यांना बोलता आले नाही.

या भेटीची लांबी ठरलेल्या वेळेच्या दुप्पट झाली. ताई रडल्या, पण मला अधिक महत्त्वाचे वाटले ते त्यांचे पुन्हा पुन्हा विचारणे. नाक नेमके कसे, बोटे किती लांब, नखे होती का. कोणाविषयी रडायचे हे त्यांना त्या दिवशी प्रथमच मिळत होते. पुढच्या आठवड्यात वहीची साडेतीन पाने भरलेली होती. ती मी वाचली नाहीत. ताईंनी त्यांपैकी दोनच ओळी वाचून दाखवल्या.

सहा महिने उलटून गेल्याने प्रदीर्घ शोकविकाराच्या निदानाचा या टप्प्यावर फेरविचार केला. तीव्र ओढ होती, दैनंदिन कामावर परिणाम होता. पण ज्या वेगाने बदल सुरू झाला होता तो पाहता ही अडकलेली अवस्था शोकाच्या स्वभावापेक्षा दडवलेल्या माहितीमुळे आली होती, असे माझे मत झाले आणि ते निदान मी नोंदवले नाही. वर्गीकरणाच्या काटेकोर वाचकाला हा निर्णय पटणार नाही, याची मला जाणीव आहे.

त्या रात्रीचा प्रश्न

आठव्या ते बाराव्या भेटीपर्यंतचे काम एकाच वाक्याभोवती फिरले: “रात्रीच गेले असते तर?”

अशा वेळी ‘तुमची काही चूक नव्हती’ असे चटकन म्हणावेसे वाटते. मी ते म्हटले नाही, आणि कोणी म्हणू नये असे मला वाटते. ताई हिशेब ठेवणाऱ्या बाई होत्या. खोटी नोंद त्यांना लगेच कळली असती. शिवाय वस्तुस्थिती तशी सोपी नव्हती. दिवस भरत आल्यावर बाळाची हालचाल कमी होते हा समज चुकीचा आहे. हालचालीचा प्रकार बदलू शकतो, पण ती कमी होणे ही तपासणीची खूण आहे, आणि तसे वाटले तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जायला हवे. हे प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि तिच्या सासूलाही तपासणीच्या वेळी सांगितले गेले पाहिजे. ताईंना ते सांगितले गेले नव्हते.

स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही तिघांची एक बैठक घेतली. डॉक्टरांनी फाइल समोर ठेवून सांगितले की वार (प्लासेंटा) लहान होती, बाळाची वाढ आठवड्यांच्या मानाने कमी होती, आणि त्या रात्री आले असते तर काय झाले असते हे आता कोणालाही सांगता येणार नाही. वाचले असते असेही नाही, वाचले नसते असेही नाही. त्यांनी आपल्याकडून वाढीवर अधिक बारीक लक्ष राहायला हवे होते, हेही मान्य केले. एवढ्या सरळ बोलण्यासाठी धैर्य लागते आणि त्या बैठकीचा उपयोग माझ्या तीन भेटींहून अधिक झाला.

त्यानंतर आम्ही एका मोठ्या कागदावर वर्तुळ काढले आणि त्या मृत्यूमागे ज्यांचा-ज्यांचा वाटा असू शकतो त्यांना त्यात जागा दिली: वार, वाढीची तपासणी, न मिळालेली सूचना, सासूबाईंचे वाक्य, घरापासून रुग्णालयाचे अंतर, रात्रीची वेळ, आणि ताईंचा झोपण्याचा निर्णय. पहिल्या खेपेस ताईंनी स्वतःला अर्धे वर्तुळ दिले. चार आठवड्यांत ती फोड हळूहळू आक्रसत गेली, पण शून्य झाली नाही. मी ती शून्य व्हावी असा आग्रह धरला नाही. ‘तेव्हा जे माहीत होते’ आणि ‘आता जे माहीत आहे’ अशा दोन रकान्यांत त्यांनी त्या रात्रीचा प्रत्येक तास लिहिला, आणि शेवटी त्या म्हणाल्या, “तेव्हाच्या रकान्यात बघितलं तर मी झोपणारच होते.” दोषाची जागा खेदाने घेतली. खेद राहतो, पण तो माणसाला रात्री दोन वाजता उठवून बसवत नाही.

वर्तुळातली सासूबाईंची फोड मात्र वाढली. हे अपेक्षित होते. आपल्यावरचा राग कमी झाला की तो कुठेतरी जातो. ताईंनी दोन महिने सासूबाईंशी कामापुरतेच बोलणे ठेवले. सासूबाई एकदा स्वतःहून माझ्याकडे येऊन गेल्या. त्यांचेही एक मूल लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, पाचवी पूजण्याच्या आदल्या दिवशी गेले होते. तेव्हा त्यांना तिसऱ्या दिवशी शेतात कामाला पाठवले होते. “आम्ही असंच निभावलं,” असे त्या म्हणाल्या. हे त्यांनी सुनेला सांगितले नव्हते. सांगाल का, असे विचारल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि बस चुकेल म्हणून उठल्या. दोघींमधला हा धागा उपचार संपेपर्यंत सुटला नाही.

बांध

मार्चअखेर काढणी उरकल्यावर ताईंनी पुरलेली जागा पाहायची इच्छा व्यक्त केली. जागा शेताच्या उत्तरेकडच्या बांधाला, शेवग्याच्या झाडाजवळ होती. टाळलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने जाणे हा शोकोपचाराचा भागच आहे आणि आम्ही आरोग्य केंद्राच्या रस्त्यापासून सुरुवात करून तिथवर आलो होतो. वळसा घालून बस पकडणे फेब्रुवारीतच सुटले होते. शेतात मात्र वेगळेच घडले. पावसाळ्यानंतर बांध ट्रॅक्टरने नव्याने घातला गेला होता आणि पतींना नेमकी जागा दाखवता येईना. ते शेवग्यापासून पावले मोजत राहिले, आणि ताई चिडून घरी निघून गेल्या.

तेराव्या भेटीत त्यांचा राग धगधगत होता. “तुम्ही एक दगडसुद्धा ठेवला नाही,” हे वाक्य त्या पतींना तीनदा म्हणाल्या. पतींनी एकच उत्तर दिले: दगड ठेवू नये, पुन्हा तिकडे जाऊ नये, मागे वळून पाहू नये, असे सासऱ्यांनी बजावले होते आणि त्यांनी मागे वळून पाहिले नव्हते. मी त्या भेटीत फारसे बोलले नाही. शोक करणारे मन दुःखाकडे आणि जगण्याकडे आळीपाळीने जात राहते आणि हे येणेजाणेच सावरण्याची खूण असते, असे १९९९ मध्ये नेदरलँड्समधील स्ट्रोब आणि शुट यांनी मांडले. दोघांची ही आळीपाळी एका वेळी जुळेलच असे नाही. तो बागेत कामाला लागतो तेव्हा ती रडत असते, आणि ती सावरते तेव्हा त्याचे बांध फुटतात. हे दोघांना समजावले, एवढेच.

दगड पुढे एप्रिलच्या छाटणीत ठेवला गेला, अंदाजाने, शेवग्यापासून सात पावलांवर. जागा चुकीची असेल, हे दोघांनाही मान्य होते.

आषाढ

वर्षश्राद्ध करायचे नव्हते, पण दिवस येणार होता आणि तो कोणता हा प्रश्न होता. मुलगी एकादशीला जन्मली होती. २०२३ मध्ये आषाढी एकादशी २९ जूनला आली आणि तारीख १० जुलै. घरच्यांनी दोन्ही दिवस टाळायचे ठरवले होते, ताईंच्या शरीराने दोन्ही दिवस ओळखले. जूनच्या मध्यापासूनच झोप पुन्हा बिघडली. वर्षपूर्तीच्या आसपास लक्षणे उसळतात हे आधीच सांगून ठेवल्याने त्या घाबरल्या नाहीत. औषध चालूच होते आणि त्या काळात भेटी आठवड्याला एक केल्या.

एकादशीला ताईंनी उपवास केला, दहा तारखेला केला नाही. दहा तारखेला त्या माहेरी गेल्या, कारण सासूबाईंच्या आवराआवरीतून वाचलेले एक झबले तिथे होते. धुवायला टाकलेल्या कपड्यांत राहून गेल्यामुळे ते बाकीच्या सामानासोबत गेले नव्हते. ते त्यांनी घरी आणून फाइलमध्ये, त्या वजनाच्या कागदाजवळ ठेवले. फाइल आता कपाटात असते.

सप्टेंबर २०२३ मध्ये अठराव्या भेटीनंतर नियमित उपचार थांबवले. प्रश्नावलीचे गुण मर्यादेच्या खाली आले होते, इजेचा विचार फेब्रुवारीपासून आला नव्हता, औषध मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणखी काही महिने चालू ठेवायचे ठरले. पुढच्या गर्भधारणेची घाई घरातून होत होती; ताईंनी ती तूर्त नाकारली आणि पतींनी त्यांची बाजू घेतली. ‘मुलं किती?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे यावर आम्ही जवळजवळ एक पूर्ण भेट घालवली. बसमधल्या अनोळखी बाईला ‘अजून नाही’ आणि ओळखीच्या माणसाला ‘एक मुलगी होती’ अशी दोन उत्तरे त्यांनी ठरवली, आणि पहिले उत्तर दिल्यावर मुलीला नाकारल्यासारखे वाटते, ही खंत शिल्लक असल्याचेही सांगितले.

ऑक्टोबरच्या छाटणीच्या दिवसांत ताईंच्या पतींचा फोन आला. उत्तरेकडच्या ओळींत काम करताना हात थरथरतात, रात्री गाडीची काच वर करण्याचे स्वप्न पडते, आणि आता आपल्याला स्वतःसाठी वेळ हवी आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या भेटी नोव्हेंबरपासून सुरू झाल्या. पहिल्या भेटीला ताई सोबत आल्या होत्या, त्या बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.